समोरचा फ्लडलाईट डोळ्यात येतो हे मोजून कसं दाखवायचं? (सातारा)

शाहूनगरकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथं इलेक्ट्रिकलवाले बरेच आहेत म्हणून टाकतोय. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मंगल कार्यालय आहे (नाव घेत नाही, उद्या आमच्याच घरातलं लग्न तिथं करायची वेळ आली तर पंचाईत), त्यांनी दिवाळीनंतर पार्किंगला लोखंडी पाईपवर १०० वॅटचा एलईडी फ्लड लावलाय आणि लावणाऱ्या पठ्ठ्यानं तो असा तोंड वर करून बसवलाय की पार्किंगपेक्षा आमची गल्लीच जास्त झगमगते. बाकी चालवून घेतलं असतं, पण मागच्या आठवड्यात आण्णा (वय ६८, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय) गोडोलीकडनं स्कूटरवरनं येताना पाण्याच्या लाईनसाठी खणलेल्या चरीत गेले. चर अर्धवट बुजवलेली. पडले नाहीत, पाय मुरगळला. म्हणतात, 'मला फक्त तो दिवा दिसत होता, रस्ता काळा.'

कार्यालयाच्या मॅनेजरकडं गेलो तर तो म्हणे, साहेब उजेड तर भरपूर आहे की, उजेड असल्यावर दिसत कसं नाही?

आता ह्याला काय बोलायचं. मोबाईलवर लक्सचं ॲप टाकून मोजलं, चरीपाशी जमिनीवर ठेवला तर ५ लक्स, दिव्याकडं धरला तर कधी ६ कधी १५, जरा वाकडा केला की आकडा पळतो. नक्की काय मोजायचं असतं आणि कशानं?

संशयात्मा

लाईट नसली तर नगरपालिकेच्या नावानं शिमगा, लाईट असली तरी शिमगा. चोऱ्यांचं प्रमाण बघा आधी. उजेड असलेला बरा.

कुपवाडचा वायरमन

मोबाईलचं ॲप विसरा. मोबाईलचा सेन्सर वर सेल्फी कॅमेऱ्याजवळ काचेच्या आत असतो, तो स्क्रीनचा ब्राईटनेस कमी-जास्त करायला दिलाय, मोजायला नाही. तिरक्या उजेडात तो पार गंडतो. खऱ्या लक्समीटरला वर पांढरी टोपी असते बघा, अर्ध्या पिंगपाँग बॉलसारखी, ती त्यासाठीच, की बाजूनं येणारा उजेड पण बरोबर हिशोबात धरला जावा. दीड-दोन हजारात हातातला मीटर मिळतो, फक्त एका दशांशापर्यंत दाखवणारा घ्या. रात्रीच्या रस्त्यावर १ आणि २ मधे लय फरक असतो, दशांश नसलेला मीटर घेऊन काय उपयोग नाही.

आणि दिवा लावल्या लावल्या मोजू नका. गार एलईडी जास्त उजेड देतो, तापला की उतरतो. अर्धा तास तरी जळू दे.

गोनिओवाला

मी दहाएक वर्षं दिवे बनवणाऱ्या कंपनीच्या लॅबमधे होतो, त्यामुळं जरा लांबण लावतो, माफी असावी.

मॅनेजरचं वाक्य चुकीचं आहे पण मूर्खपणाचं नाही, निम्म्या टेंडरांमधे हीच चूक असते. जमिनीवर मीटर आडवा ठेवून जे मोजता तो रस्त्यावर पडलेला उजेड. आण्णांना जो त्रास झाला तो रस्त्यावर पडलेल्या उजेडाचा नाही, डोळ्यात शिरलेल्या उजेडाचा. मीटर तोच, पण तो डोळ्याच्या उंचीवर, बघतो त्या दिशेला तोंड करून उभा धरायचा. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि एक वाढला म्हणून दुसरा बरा होत नाही.

लॅबमधे हे काम गोनिओफोटोमीटर करतो. नाव अवघड आहे, काम सोपं. काळ्या भिंतींची लांबलचक खोली, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला सेन्सर. दिवा (किंवा मधला आरसा) थोडा थोडा फिरवत जायचा आणि प्रत्येक कोनात त्या दिशेनं किती कँडेला (म्हणजे त्या दिशेला उजेडाचा जोर) निघतात ते लिहीत जायचं. कोन सरळ खाली ० धरतात, क्षितिजाला ९०, सरळ वर १८०. ह्या सगळ्या आकड्यांची जी फाईल होते तिला आयईएस फाईल म्हणतात, साधी टेक्स्ट फाईल असते, नोटपॅडमधे उघडते. बरा दिवा विकणारा ती मागितल्यावर देतो. जो 'ती काय असते?' विचारतो त्याच्याकडनं रस्त्यासाठी दिवे घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत.

तुमच्या केसमधे एवढं लागत नाही. एका दिशेचे कँडेला घरबसल्या काढता येतात. लक्समीटर थेट दिव्याकडं रोखा, आकडा लिहा, दिव्यापर्यंतच्या सरळ अंतराचा वर्ग करा, गुणा. झालं. फक्त अंतर दिव्याच्या रुंदीच्या निदान पाचपट पाहिजे, तुमचं आरामात आहे. आणि आजूबाजूचा उजेड वजा करायला विसरू नका. कुणाला तरी मीटरच्या पुढं दोनेक फुटावर पुठ्ठा धरायला सांगा, असा की फक्त तो एक दिवा झाकला जाईल. तो आकडा वेगळा लिहा आणि पहिल्यातनं वजा करा.

विश्रामबागची काकू

मला एक सांगा, लुमेन, लक्स, कँडेला तिन्ही एकच ना? खोक्यावर तर लुमेनच लिहिलेलं असतं.

पलूसचा बागायतदार

काकू मी सांगतो, आमच्या भाषेत. द्राक्षाला ब्लोअरनं औषध मारतो ना, टाकीत औषध किती लिटर ते लुमेन. नोझल कुठल्या बाजूला किती जोरात मारतंय ते कँडेला. आणि पानावर शेवटी बसलं किती ते लक्स. टाकी भरलेली असून नोझल वाकडं असलं तर औषध शेजाऱ्याच्या बागंत :)

गोनिओवाला

एवढं चांगलं मला दहा वर्षांत सांगता आलं नाही. तुमचं वाक्य ट्रेनिंगला वापरणार.

शाहूनगरकर

अपडेट. पॉलिटेक्निकला शिकवणाऱ्या एका मित्राकडनं मीटर आणला. रात्री साडेनऊला मी, धाकटा भाऊ आणि बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा. गल्लीतली चार पोरं पण जमली, त्यांना वाटलं रील बनवतोय.

दिवा पाईपवर ६ मीटरला आहे (पाईपची सावली आणि टेप, पाढे आठवले). चरीच्या कडेला उभा राहिलो, पाईपच्या बुडापासून २० मीटर. मीटर दीड मीटर उंचीवर धरला, दिव्याकडं तोंड. आकडा १० च्या आसपास. भावानं पुठ्ठा धरला, आकडा २. म्हणजे दिव्याचे ८. सरळ अंतर साधारण साडेवीस मीटर, वर्ग ४२०, गुणिले ८ म्हणजे ३३६० कँडेला. बरोबर का?

अजून एक गंमत. पुठ्ठा माझ्या डोळ्यापुढं आला त्या क्षणी चर दिसली. म्हणजे अक्षरशः तिच्यातला फुटका पाईप, मातीचा ढिगारा, कडेला ठेवलेला लाल रुमाल बांधलेला दगड, सगळं. पुठ्ठा खाली केला की गायब. तीन-चारदा केलं. दगड तिथं पहिल्यापासनं होता, मला आजपर्यंत माहीतच नव्हतं!

गोनिओवाला

शाब्बास. हा पुठ्ठ्याचा प्रयोग मॅनेजरला दाखवा, आकड्यांपेक्षा भारी आहे.

आता आकडे. तुम्ही उभे होता तिथनं दिवा क्षितिजाच्या वर साधारण १३ अंशावर, म्हणजे सरळ खालच्या रेषेपासनं ७७ अंश. रस्त्याच्या दिव्यात सगळ्यात बदमाश पट्टा हाच, ६० ते ९० अंश. जुन्या अमेरिकन वर्गवारीत 'फुल कटऑफ' दिवा कुणाला म्हणायचे, तर ज्याच्यातनं ९० अंशाला आणि वर शून्य उजेड जातो, आणि ८० अंशाला दर हजार लुमेनमागं १०० कँडेलापेक्षा जास्त नाही. तुमचा १०० वॅटचा फ्लड अंदाजे १० हजार लुमेनचा, म्हणजे ८० च्या आसपास हजार कँडेला ही हद्द. तुम्हाला मिळाले ३३६०. तिप्पट. हल्ली ती वर्गवारी जाऊन बीयूजी रेटिंग आलंय, बी म्हणजे मागं जाणारा, यू म्हणजे वर जाणारा, जी म्हणजे ग्लेअर, डोळ्यात येणारी चकाकी. मुद्दा तोच.

दुसरा हिशोब जास्त कामाचा आहे. डोळ्यात शिरलेला उजेड आतल्या आत पसरतो आणि सगळ्या दृश्यावर पातळ पांढरा पडदा टाकतो, धुक्यासारखा. तो पडदा किती जाड, ह्याचं सूत्र जुनं आणि सोपं आहे: डोळ्यावरचे लक्स गुणिले १०, भागिले कोनाचा वर्ग. कोन म्हणजे तुमची नजर आणि दिवा ह्यांच्यातला. नजर रस्त्यावर एक अंश खाली धरली तर कोन १४, वर्ग १९६. पडदा साधारण ०.४ कँडेला प्रति चौरस मीटर. आणि ५ लक्सात डांबर स्वतः किती उजळ दिसतं? साधारण ०.३५. म्हणजे पडदा रस्त्यापेक्षा उजळ! चर दिसेल कशी? ह्याचं 'थ्रेशोल्ड इन्क्रिमेंट' (चकाकीमुळं वस्तू दिसायला तिच्यात आणि रस्त्यात किती टक्के जास्त फरक लागतो ते) काढलं तर ६० टक्क्यांच्या आसपास येतं. युरोपातल्या रस्त्यांना १० ते १५ च्या आत ठेवतात. ढोबळ आहे, पण एवढा फरक ढोबळपणानं भरून निघत नाही.

आणि हे सगळं २३ वर्षांच्या डोळ्याला धरून. त्या सूत्रात वयाचा गुणक आहे, साधारण ६६ व्या वर्षी पडदा दुप्पट होतो. मोतीबिंदू असला तर त्याहून वाईट. तेव्हा आण्णा बरोबर सांगत होते.

विश्रामबागची काकू

अगंबाई. म्हणजे मला रात्री समोरनं गाडी आली की काहीच दिसत नाही ते चष्म्याचा नंबर वाढल्यामुळं नाही तर. सूनबाईला वाचायला देते हा धागा.

कुपवाडचा वायरमन

काकू डोळे दाखवून घ्याच तरी.

संशयात्मा

आकडे ठीक आहेत हो. पण दिवा खाली वळवला की लांबवर अंधार होणार. मग चोर? आणि आमच्या रस्त्यावर पालिकेनं दिव्याचे हात मुद्दाम वर तिरके केलेत, ते काय वेडे आहेत?

गोनिओवाला

वेडे नाहीत, खांब वाचवतायत. इथं थोडं गणित आहे आणि मला वाटतं ह्या धाग्यातली मजेची गोष्ट हीच आहे.

खांबाखाली जेवढा उजेड तेवढाच लांब पाडायचा म्हटलं तर दोन-तीन गोष्टी विरोधात जातात. अंतर वाढलं, आणि उजेड तिरका पडला. हिशोब केला तर कोनाच्या कोसाईनचा घन येतो. ६० अंशाला तो १/८. म्हणजे खांबाखाली जेवढे लक्स तेवढेच ६० अंशावरच्या जागी पाहिजेत तर त्या दिशेनं आठपट कँडेला सोडावे लागतात. ७० अंशाला? पंचवीसपट! म्हणून चांगल्या स्ट्रीटलाईटचा आलेख वटवाघळाच्या पंखासारखा असतो, खाली कमी, दोन्ही बाजूला ६०-६५ पर्यंत फाकलेला, आणि तिथनं पुढं एकदम कापलेला. हे लेन्सनं करतात, ती कापण्याची रेघ हीच सगळी कारागिरी.

आता खांब लांब लांब ठेवले की कुणीतरी हुशारी करतो, दिव्याचा हात २० अंश उचलतो. झालं, जी रेघ ७० ला कापली होती ती ९० ला गेली. लेन्सचे पैसे पाण्यात. आणि फ्लडलाईटला तर अशी रेघच नसते, तो सगळीकडं सांडतो, त्याला रस्त्यावर वापरूच नये.

चोराचं म्हणाल तर डोळ्यात दिवा असताना दिव्याच्या मागं उभा असलेला माणूस दिसतो का ते आज रात्री बघा. सावल्या जेवढ्या गडद तेवढी त्याची सोय.

कासपठारी

ह्यात आमची पण तक्रार जोडतो. आम्ही सात-आठ जण यवतेश्वरच्या पुढं कासच्या रस्त्याला दुर्बीण घेऊन जातो. पूर्वेकडं साताऱ्यावर जो पांढरा घुमट दिसतो त्यानं त्या बाजूचे तारे गेलेत. सोडियमचे पिवळे दिवे होते तेव्हा पण उजेड होता, पण हे ६५०० केल्व्हिनचे पांढरेफेक एलईडी, त्यात निळा जास्त आणि हवेत निळाच जास्त विखुरतो (म्हणून तर आभाळ निळं). ३००० केल्व्हिनचे पिवळसर लावले असते तर काय बिघडलं असतं? आपल्याच राज्यात पेंचला २०२४ च्या जानेवारीत देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं, आणि इथं जागतिक वारशाच्या पठाराखाली आपण आभाळाला फ्लड मारतोय.

त्या मंगल कार्यालयाच्या दिव्यातला किती उजेड वर जात असेल?

गोनिओवाला

लेन्स नसलेला सपाट फ्लड आहे आणि सरळ खालच्या रेषेपासनं ७५ अंश उचललाय असं धरलं तर ३७ टक्के. १० हजारातले ३७०० लुमेन थेट आभाळात. बिल मात्र पूर्ण.

पलूसचा बागायतदार

आभाळाचं सोडा, आमच्या सोयाबीनचं ऐका. फाट्यावर हायमास्ट लावला, लय छान झालं सगळे म्हणाले, ग्रामपंचायतीनं नारळ फोडला. ऑक्टोबरात सगळं रान पिवळं पडून काढणीला आलं आणि हायमास्टच्या बाजूचा पट्टा हिरवागार. शेंगा भरेनात, पानं गळेनात. मजूर आले की तेवढा पट्टा सोडून काढायचा, मग परत मजूर कुठनं आणायचे. कृषी सहाय्यकाला आधी कळंना, मग तो म्हणाला सोयाबीनला रात्र मोठी झाल्याचं कळावं लागतं तेव्हा ते फुलावर येतं, पक्व होतं, तुमच्या पिकाला वाटतंय अजून आषाढच चाललाय.

उलट ड्रॅगनफ्रूटवाले बागेत मुद्दाम रात्री बल्ब लावतात, त्याला मोठा दिवस पाहिजे. म्हणजे झाडाला पण उजेड मोजता येतो, आपल्यालाच येत नाही.

कुपवाडचा वायरमन

त्या पट्ट्यात मीटर आडवा टाकून बघा हो किती लक्सला हिरवं थांबतंय. पिवळं-हिरव्याची जी रेघ आहे तिथला आकडा पाहिजे. ग्रामपंचायतीला दाखवायला उपयोगी पडेल.

पलूसचा बागायतदार

आता रान मोकळं झालंय. पुढच्या साली बघतो. मीटर तेवढा द्या कुणीतरी.

विश्रामबागची काकू

आमच्या कॉलनीत नवीन दिवे बसलेत, कंत्राटदार म्हणतो सरासरी १५ लक्स भरतात. तो दिव्याच्या बरोब्बर खाली मीटर धरून दाखवतो. तपासायचं कसं?

गोनिओवाला

काकू तो दिव्याखालचा आकडा सांगतोय, सरासरी नाही. नऊ ठिकाणी मोजायचं. दोन खांबांमधला रस्त्याचा चौकोन घ्या, त्याचे चार कोपरे, चार बाजूंचे मध्य आणि एक अगदी मधला. मीटर जमिनीवर आडवा, स्वतःची सावली पडू द्यायची नाही (सगळेच पाडतात). कोपऱ्यांची बेरीज भागिले ४, बाजूंची बेरीज भागिले २, मधला पूर्ण, तिन्ही मिळवून परत भागिले ४. झाली सरासरी.

मग त्या नऊतला सगळ्यात कमी आकडा सरासरीनं भागा, उजेड किती सारखा पसरलाय ते कळतं. आपलं आयएस १९४४ मानक, १९७० चं, महत्त्वाच्या मोठ्या रस्त्याला ३० लक्स आणि ०.४ सांगतं, त्याखालच्याला १५ आणि ०.४, बाजारपेठेच्या वर्दळीच्या रस्त्याला ८, कमी रहदारीच्या गल्लीला ४, ह्या दोन्हीला ०.३. कॉलनीला १५ ची गरजच नाही. खांबाखाली ४० आणि मधे १ असला तर डोळा सारखा उघडझाप करत राहतो, त्यापेक्षा सगळीकडं सारखा ५ असलेला रस्ता कितीतरी चांगला दिसतो.

शाहूनगरकर

अपडेट क्र. २. काल मॅनेजरला घेऊन गेलो चरीपाशी. आधी आकडे सांगायला लागलो तर तो मोबाईल बघायला लागला. मग पुठ्ठा दिला हातात. म्हटलं डोळ्यापुढं धरा, दिवा झाका. धरला. म्हणाला, 'अरे, दगड आहे की इथं.' पुढं काही बोलावं लागलं नाही.

आज त्यांचा इलेक्ट्रिशियन आला, शिडी लावून फ्लडचं तोंड सरळ खाली केलं. अर्धा तास थांबून मोजलं. माझ्या जागेवरून दिव्याचे ८ चे दीड-पावणेदोन झाले. तरी काच दिसते थोडी म्हणून त्यानं पत्र्याच्या डब्याची टोपी कापून बाजूला लावली (काळ्या रंगाची, गोनिओवाल्यांनी व्यनि (खाजगी निरोप) करून सांगितलेलं, आतनं चकचकीत नको), आता अर्ध्या लक्सच्या खाली आहे. आणि पार्किंगमधे पाईपखाली आधी २३ होते ते ८५ झाले! वॉचमन म्हणतो आता गाड्यांच्या नंबरप्लेटा वाचता येतात, आधी गाड्यांच्या सावल्याच दिसायच्या.

फोटो पण काढलेत आधीचे-नंतरचे. पहिल्यांदा काढले ते बाद, मोबाईल आपला आपण उजेड सारखा करून टाकतो, दोन्ही फोटो सारखेच. मग प्रो मोडमधे जाऊन आयएसओ आणि शटर एकच ठेवून काढले.

गोनिओवाला

झकास. ८५ लक्स पार्किंगला फार झाले, त्यांना सांगा ५० वॅटचा बसवला तरी ४० च्या वर मिळतील. रोज ११ तास धरले तर महिन्याला साडेसोळा युनिट वाचतील. मॅनेजरला ही भाषा लवकर कळेल.

कासपठारी

आणि घेणारच असाल तर ३००० केल्व्हिनचा. आठवण करून देतो फक्त.

शाहूनगरकर

सांगतो. चर मात्र अजून तशीच आहे. आता निदान दिसते. आण्णा काल रात्री मुद्दाम चालत बघून आले, म्हणाले दगडाचा रुमाल बदला, मळलाय.

संशयात्मा

ते मीटर दोन दिवस मिळेल का? आमच्या गेटवर मीच लावलेला दिवा आहे, शेजारचे वर्षभर म्हणतायत की त्यांच्या बेडरूममधे जातो. एकदा बघून टाकतो.

शाहूनगरकर

मीटर मित्राचा आहे, रविवारपर्यंत माझ्याकडं आहे. राजवाड्यावर संध्याकाळी सातला भेटा. नऊ व्होल्टचा सेल उतरत आलाय, तेवढा घेऊन या. आणि पुठ्ठा.